बहाव्याच्या मुळाशी नऊ वर्षे

माझ्या बागेतल्या बहाव्याला यंदा नऊ वर्षे झाली आणि त्यातली पहिली सात वर्षे त्याला एकही फूल आले नाही. त्या सात वर्षांत त्याची हेळसांड झाली असती, तर सांगण्यासारखे फार काही उरले नसते. परंतु बागेत सर्वाधिक निगा मी त्याचीच राखत होते. बीपासून बहावा वाढवू पाहणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल, या विचाराने जे जसे घडले ते तसेच लिहीत आहे.

सुरुवात एका शेंगेपासून झाली. हातभर लांबीची, अंगठ्याएवढी जाड, काळसर तपकिरी आणि लाकडासारखी टणक अशी ती शेंग हलवली की आत खुळखुळत असे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 साली नोंदवलेल्या या झाडाच्या शास्त्रीय नावात ‘फिस्टुला’ हा शब्द आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नळी, आणि शेंग हातात घेतली की तो अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ती नुसत्या हाताने फुटली नाही, हातोडीचा हलका ठोका द्यावा लागला. आत एकावर एक चकत्या रचाव्यात तसे पातळ पडदे होते, दोन पडद्यांच्या मध्ये जेमतेम बोटाच्या नखाएवढी फट होती आणि त्या प्रत्येक फटीत एकेकच चपटी, तुकतुकीत, तांबूस तपकिरी बी होती. पडद्यांवर काळा गर वाळून चिकटलेला होता. तो पाण्यात भिजवून बिया चोळून धुतल्या, तेव्हा साठाहून अधिक बिया हाती लागल्या, आणि एवढ्या बियांतून निदान तीस तरी रोपे होतील असा हिशेब मी मनाशी मांडला.

त्यांपैकी वीस बिया मी तशाच मातीत पेरल्या आणि रोज पाणी घालत राहिले. दोन महिने काहीच वर आले नाही. बिया कुजल्या असाव्यात असे समजून मी माती उकरली, तर त्या पेरल्या त्या दिवसाइतक्याच तुकतुकीत आणि कोरड्या निघाल्या. बहाव्याच्या बीचे कवच इतके घट्ट असते की त्यातून पाणी आत शिरतच नाही. निसर्गात ऊन, पाऊस, किडे आणि शेंगा खाणाऱ्या जनावरांचे पोट हे सगळे मिळून ते कवच झिजवतात, तेव्हा कुठे बी जागी होते. बागेत हे काम आपल्याला करावे लागते. मी साधा पॉलिशपेपर घेतला आणि बीचे जे टोक निमुळते असते, जिथून मूळ बाहेर पडते, ते टोक सोडून विरुद्ध बाजूची कड घासत गेले. तपकिरी रंग जाऊन आतला पिवळसर पांढरा ठिपका दिसू लागला की थांबायचे. त्यापुढे घासले तर आतल्या दळाला इजा होते. घासलेल्या बिया रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि सकाळी पाहिले, तर बहुतेक बिया दुपटीने फुगलेल्या होत्या. तीन बिया जशाच्या तशा होत्या, म्हणजे त्यांचे कवच पुरते घासले गेले नव्हते. त्या पुन्हा घासून भिजवल्यावर त्याही फुगल्या. उकळून खाली उतरवलेले पाणी बियांवर ओतून ते गार होईपर्यंत बिया त्यातच ठेवण्याची पद्धतही मी दहा बियांवर करून पाहिली, परंतु त्यांतल्या तीनच फुगल्या. रोपवाटिकांमध्ये मोठ्या प्रमाणावर हे काम सल्फ्युरिक आम्लाने केले जाते; घरी त्या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही.

फुगलेल्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि सहाव्या दिवशी पहिले मूळ दिसले. बहाव्याचा स्वभाव मला त्या फडक्यातच कळायला हवा होता. वर हिरवे काही दिसण्यापूर्वीच पांढरे मूळ पेराएवढे लांब झाले होते आणि ते सरळ खाली वळले होते. हे सोटमुळाचे झाड आहे. आधी खाली जाते, मग वर येते. म्हणून उथळ कुंडी त्याच्या कामाची नाही, निदान 30 सेंटिमीटर खोल पिशवी हवी. मी पहिल्या खेपेला उथळ कुंड्या वापरल्या आणि तीन महिन्यांतच कुंडीच्या भोकातून मूळ बाहेर डोकावू लागले. ती रोपे हलवताना दोनांची सोटमुळे तुटली आणि ती दोन्ही रोपे पुन्हा सावरली नाहीत.

रोपे चार-पाच पानांची झाली, तेव्हा माझ्याकडून आणखी एक चूक झाली आणि पुढची कित्येक वर्षे मी हीच चूक निरनिराळ्या रूपांत करत राहिले, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. बहाव्याचे पान संयुक्त असते, म्हणजे एका मधल्या देठावर समोरासमोर तीन ते आठ जोड्या पर्णिका असतात आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. हे पान कोवळे असताना तांबूस, मऊ, रेशमी असते आणि अगदी मान टाकल्यासारखे खाली लोंबते. मला ते रोप तहानलेले वाटले. मी पाणी घातले. पान लोंबतच राहिले. मी आणखी पाणी घातले. आठवड्याभराने पान आपोआप हिरवे होऊन ताठ झाले, आणि ते माझ्या पाण्याने झाले असा माझा समज झाला. वास्तविक कोवळ्या पानाचे लोंबणे हा त्याच्या वाढीचाच भाग आहे, तहानेशी त्याचा काही संबंध नाही. त्या जादा पाण्याने पाच रोपे मातीलगत बारीक होऊन कोलमडली. जमिनीच्या सपाटीला खोडाभोवती दोरा आवळावा तशी ती आक्रसली होती.

मेलेल्या रोपांची मुळे धुऊन मी भिंगाखाली पाहिली. बहावा शेंगा धरणाऱ्या कुळातला, तेव्हा भुईमुगाच्या किंवा हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशा नत्राच्या गाठी त्याच्याही मुळांवर असतील असे मी धरून चालले होते. मुळे मात्र गुळगुळीत होती. बहाव्याच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. हवेतले नत्र मुळांत साठवण्याची सोय या झाडाकडे नाही. मला वाटले, म्हणजे याला नत्र आपणच दिले पाहिजे. निष्कर्ष तर्काला धरून होता, पण त्याची जी अंमलबजावणी मी केली ती अतिरेकी होती. त्याचा परिणाम पुढे येईलच.

जमिनीत लावण्याजोगी दोन रोपे शेवटी उरली. पहिले रोप मी बागेच्या सखल कोपऱ्यात लावले, कारण तिथे जागा मोकळी होती आणि ऊनही भरपूर होते. पहिल्याच पावसाळ्यात त्याची खालची पाने पिवळी पडली, मग वरची पडली, आणि मी त्याला अन्नाची कमतरता समजून शेणखत घालत राहिले. रोप उपटले तेव्हा मुळे काळी पडली होती आणि बोटांनी ओढताच त्यांची साल मोज्यासारखी निघून येत होती. त्या मातीचा वास मला अजून आठवतो. पाणी साचून मुळे गुदमरली होती आणि त्यावर खताचा भार मी घातला होता.

दुसऱ्या रोपासाठी जागा निवडताना मी आधी खड्डा खणून तपासणी केली. ही तपासणी कोणतेही मोठे झाड लावण्यापूर्वी करावीच, असे मी आग्रहाने सांगेन. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा पाण्याने काठोकाठ भरला, ते पाणी जिरू दिले आणि मग पुन्हा भरले. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तीन तासांत जिरले. सखल कोपऱ्यातल्या खड्ड्यात हाच प्रयोग नंतर केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथे गुडघ्याखाली येईल एवढे पाणी होते. नवी जागा भिंतीपासून आणि जमिनीखालच्या नळापासून पाच मीटर दूर होती आणि तिथे दिवसातले निदान सात तास थेट ऊन पडत होते. सावलीत बहावा जगतो, परंतु उंच, किडकिडा आणि फुलांवाचून राहतो.

लावणीच्या दिवशी पिशवी ओढून काढण्याऐवजी मी ती ब्लेडने उभी चिरली. तळाशी सोटमूळ वळून आकड्यासारखे झाले होते. ते तसेच ठेवले असते, तर पुढे जाड होताना त्याने स्वतःलाच आवळले असते, म्हणून वळलेला तुकडा धारदार कात्रीने स्वच्छ कापून टाकला. खड्ड्यात निघालेलीच माती परत भरली आणि तिच्यात चार-पाच घमेली कुजलेले पालापाचोळ्याचे खत मिसळले. खड्डा निव्वळ खताने भरला तर मुळे त्या मऊ खोलीबाहेर पडायला तयार होत नाहीत. खोड आणि मूळ जिथे एकमेकांना भेटतात ती जागा जमिनीच्या सपाटीवर राहील, मातीखाली गाडली जाणार नाही, एवढी काळजी घेतली. दोन बाजूंना दोन काठ्या रोवून जुन्या सुती कापडाच्या पट्टीने रोप सैलसर बांधले आणि वर्षभराने काठ्या काढून टाकल्या. वाऱ्यात थोडे हलले तरच खोड जाड होते.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी पाहिले, तर वरच्या तीन पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. कॅटॉप्सिलिया नावाची फिकट पिवळसर पांढरी फुलपाखरे बहाव्याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात. अंडे उभे, दोन्ही टोकांना निमुळते, तांदळाच्या कणीएवढे असते. त्यातून निघणारी हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर इतकी बेमालूम पडून राहते की नजरेला ती शीरच वाटते. त्या वर्षी रोप लहान होते म्हणून मी अळ्या हाताने वेचून काढल्या. पुढे झाड डोक्यावर गेल्यावर मी त्यांच्याकडे लक्ष देणे सोडले, फवारणीचा विचारही केला नाही; झाड तीन आठवड्यांत नवी पालवी फोडते आणि फुलपाखरेही आपल्या वाटेने जातात.

तिसऱ्या वर्षापासून सातव्यापर्यंत झाड नेमाने वाढले. चार मीटरच्या वर गेले, पाने तळहातापेक्षा लांब आणि गडद हिरवी झाली. पाहणारे कौतुक करत आणि मलाही समाधान वाटे. शेजारीच हिरवळ होती, तिला दिवसाआड पाणी दिले जाई आणि ते बहाव्याच्या मुळांपर्यंत पोहोचत असे. त्याशिवाय उन्हाळ्यात मी त्याच्या आळ्यात वेगळे पाणी सोडत असे, आणि गाठी नसलेल्या त्या मुळांची आठवण ठेवून वर्षातून दोनदा नत्रयुक्त खतही घालत असे. हिवाळ्याच्या शेवटी आकार नीट राहावा म्हणून फांद्यांचे शेंडे छाटत असे. फुले मात्र येत नव्हती. बियांपासून वाढलेला बहावा फुलायला काही वर्षे लागतातच, असे म्हणून मी दरवर्षी मनाची समजूत घालत असे.

एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर असूनही माझ्या लक्षात आली नव्हती. माझ्या झाडाची पाने कधीच पूर्ण गळत नव्हती. बहावा हे पानगळीचे झाड आहे; कोरड्या दिवसांत तो पाने टाकतो आणि उघड्या फांद्यांवरून पिवळे घोस सोडतो. ज्या बहाव्यांना कुणी तांब्याभर पाणी घालत नाही, तेच भर उन्हात पिवळेजर्द होतात, हे मी कित्येकदा पाहिले होते आणि तरी त्याचा संबंध माझ्या झाडाशी लावला नव्हता. शिवाय बहाव्याचे घोस मागच्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर, गळून गेलेल्या पानांच्या बेचक्यांतून निघतात. म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी मी जे शेंडे हौसेने छाटत होते, त्यांतच येणाऱ्या फुलांची जागा होती. पाण्याने आणि नत्राने मी त्याला पाने वाढवायला लावत होते, आणि त्यातूनही जे काही तयार होत असेल ते कात्रीने काढून टाकत होते.

सातव्या वर्षी पावसाळा संपल्यावर मी तीन गोष्टी बंद केल्या: खत, छाटणी आणि आळ्यातले पाणी. हिरवळीचा बहाव्याकडचा पट्टा काढून तिथे वाळलेल्या पानांचा थर पसरला. पाणी एकदम तोडण्याची हिंमत झाली नाही म्हणून आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने आणि शेवटी अजिबात नाही, असे केले. हिवाळ्याअखेर पाने पिवळी पडू लागली आणि पुढच्या काही आठवड्यांत झाड उघडे झाले. ते दिवस कठीण होते. सात वर्षे जोपासलेले झाड करड्या काटक्यांच्या जुडग्यासारखे उभे होते आणि पाण्याची नळी माझ्या हाताला लागत होती. दर चार दिवसांनी मी एखाद्या बारीक फांदीची साल नखाने हलकेच खरवडून पाहत असे. साल निघाली की खाली ओलसर, पोपटी हिरवा थर दिसे आणि मी नळी परत गुंडाळून ठेवत असे.

मग एका सकाळी पूर्वेकडच्या फांदीवर, पानाच्या जुन्या खुणेच्या अगदी वर, मोहरीएवढ्या हिरव्या मण्यांचा झुपका दिसला. नवी पालवी असेल असे वाटून मी दुर्लक्ष केले. तीन दिवसांनी तो झुपका खाली वळला होता. नऊ दिवसांत त्याची लांबी 4 सेंटिमीटरवरून 22 सेंटिमीटर झाली. मी रोज सकाळी पट्टी लावून मोजत होते. घोस फांदीच्या बाजूने उमलत खाली येतो, त्यामुळे वरची फुले पूर्ण उघडलेली असताना टोकाशी अजून हिरव्या गोल कळ्या लोंबत असतात आणि सगळा घोस पिवळ्यातून हिरव्याकडे उतरत जातो. त्या वर्षी चारच घोस आले. मी खुर्ची टाकून त्या चार घोसांखाली बसत असे आणि मला ते पुरेसे वाटत असे. पुढच्या वर्षी मात्र घोस मोजता आले नाहीत. सगळे श्रेय पाणी तोडण्याला देणे योग्य होणार नाही, कारण तोवर झाडाचे वयही झाले होते. परंतु त्याच वयाचा अंगणातला एखादा बहावा अजूनही नुसता हिरवा असेल, तर मी आधी त्याच्या आळ्यातले पाणी आणि खत यांची चौकशी करेन.

फूल जवळून पाहण्यासारखे असते. पाच पिवळ्या पाकळ्यांमध्ये दहा पुंकेसर असतात आणि ते सारखे नसतात. तीन लांब, कोयत्यासारखे वळून फुलाबाहेर आलेले, बाकीचे आखूड आणि मधोमध. या फुलात मध नसतो; येणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्याला परागच हवे असतात. भुंगा मधल्या आखूड पुंकेसरांना घट्ट धरतो, पंख मिटतो आणि अंग थरथरवतो. त्याचा उडतानाचा जाड आवाज त्या क्षणी चढा आणि बारीक होतो. त्या थरथरीने परागकोशांतून पराग बाहेर उडतात. भुंगा समोरचे पराग गोळा करत असताना लांब केसरांचे पराग त्याच्या पाठीवर आणि कुशीला लागतात आणि तेच पुढच्या फुलापर्यंत जातात. हे वाचून माहीत होते, तरी आवाजातला तो बदल कानाने ऐकल्यावर मी कितीतरी वेळ जागची हलले नाही.

पहिल्या चार घोसांतून दोनच शेंगा धरल्या. शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागते, त्यामुळे गेल्या वर्षीची काळी शेंग आणि यंदाचा पिवळा घोस एकाच फांदीवर दिसतात. काही जण वाळलेल्या शेंगा दिसायला बऱ्या नाहीत म्हणून काढून टाकतात. मी ठेवते, झाड लहान असताना मात्र शेंगा फार धरल्या तर त्यांतल्या निम्म्या हिरव्या असतानाच काढाव्यात, म्हणजे बारीक फांद्यांवर भार येत नाही.

एक काम अजून राहिले आहे. तिसऱ्या वर्षी झाडाला जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर दोन शेंडे फुटले होते, दोन्ही सारख्या जोमाचे. तेव्हा त्यातला एक बोटाएवढा जाड होता आणि कात्रीच्या एका दाबाने निघाला असता, परंतु दाट झाडाच्या लोभाने मी तो ठेवला. आता तो मनगटाहून जाड आहे, दोन्ही खोडांमधला कोन अरुंद आहे आणि त्या बेचक्यात साल आतल्या आत दुमडत चालली आहे. अशी बेचकी पुढेमागे वादळात फाटते आणि मुख्य खोडाची सालही सोबत ओरबाडून नेते. कापायचे कसे हे ठरले आहे: आधी बेचक्यापासून वीतभर दूर, खालच्या बाजूने एक तृतीयांश जाडीपर्यंत करवतीचा काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून काप देऊन फांदीचा भार उतरवायचा, आणि शेवटी उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढायचा, कारण जखम भरून येते ती त्या कड्यातूनच. डांबर किंवा रंग काही लावायचे नाही. त्या फांदीवर आज अकरा घोस आहेत आणि टोकाकडच्या कळ्या अजून उमलायच्या आहेत. शेवटची पाकळी गळेपर्यंत थांबणार आहे. त्यानंतर, नवी फूट पक्की होण्याआधी, ती फांदी कापायची आहे. करवतीला धार लावून ठेवली आहे.